शुक्रवारच्या नळ्या

"हा कागद बघा! आणि आता हा कागद बघा!"

लोकरीच्या गोदामापुढचं पटांगण माणसांनी खच्चून भरलं होतं. मुंगीला शिरायला जागा नव्हती. ट्रकच्या मागच्या फळीवर बाबा उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन कागद होते. त्याच्या पाठीमागे, ट्रकमध्येच, वीसेक कोकरं बांधलेली होती. दर कळपामागे एक कोकरू, हा बाबाचा मान.

"या कागदावर मेंढी मेल्यात जमा! यकृत खलास, साखर खलास! हे मी म्हणत नाही हं. मी बापडा अडाणी. हे म्हणतेय मोठी लॅब! आणि या कागदावर? अकरा दिवस माझं पाणी पोटात गेल्यावर? तीच मेंढी, तीच लॅब, तोच शिक्का, तीच सही! सगळं नॉर्मल! बोला, आता कुणाला शंका?"

शंका कशी असणार? आजवर लोकांनी पुष्कळ बाबा पाहिले होते, पण लॅबचा अहवाल घेऊन फिरणारा हा पहिलाच. बाकीचे म्हणायचे, विश्वास ठेवा. हा म्हणायचा, तपासून घ्या. म्हणून तर शिकलीसवरली माणसंही गप्प बसली होती.

"शुक्रवारी रक्त रुसतं!" बाबा ओरडला.

"मंगळवारी रक्त हसतं!" पटांगण ओरडलं.

लोक त्याला नळीबाबा म्हणत. त्याची पद्धत ठरलेली. मेंढपाळानं शुक्रवारी यायचं. बाबा स्वतः मेंढीच्या गळ्याच्या शिरेतून रक्त काढणार, नळीला लाल लोकरीचा धागा बांधणार, आणि मालकानं ती नळी लॅबच्या खिडकीत नेऊन द्यायची. कधी? तर साडेतीन वाजून गेल्यावरच. त्याआधी म्हणे रक्त खरं बोलत नाही. सोमवारी अहवाल यायचा, आणि तो हमखास वाईट. मग अकरा दिवस पाणी पाजायचं, त्यानंतरच्या मंगळवारी पुन्हा रक्त. बुधवारी अहवाल स्वच्छ. एकदाही चुकलं नव्हतं.

मी सगळ्यात मागे उभी होते, ओढणीनं अर्धं तोंड झाकून. शेजारी माझी थोरली बहीण हात जोडून उभी. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"बघ गं धाकटे, तुझं नाव निघालं. तीच सही म्हणतोय!"

खरं होतं. दोन्ही कागदांवरची सही माझी होती.

त्याच वेळी बाबानं एक नळी उजेडाकडे धरली आणि अंगठ्याच्या नखानं तिला तीन टिचक्या मारल्या. टक, टक, टक. असं करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला होता. दाढी वाढली होती, आवाज चढला होता, पण त्या टिचक्या लॅबमधल्या आमच्या हेलपाट्याच्या होत्या.

आता लॅबचं सांगते. लाज वाटते, पण सांगते.

बावीस वर्षं मी जनावरांच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतेय. गावोगावच्या दवाखान्यांतून नळ्या येतात. नळीतलं रक्त गोठलं की ती यंत्रात घालून गरगर फिरवायची. लाल पेशी खाली बसतात, वर वाळल्या गवताच्या रंगाचं, पिवळसर पाणी राहतं. तपासायचं ते हे पाणी. हे काम वेळेत करावं लागतं, नाहीतर पेशी त्यातली साखर खात बसतात. आणि न फिरवलेली नळी जर बर्फासारखी गोठली, तर पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं त्या पाण्यात उतरतं. पाणी लाल होतं. मग यंत्र बिचारं वाटेल ते आकडे दाखवतं. धडधाकट मेंढीचं यकृत कागदावर कामातून गेलेलं दिसतं.

आमच्याकडे शुक्रवारी तीन वाजता फिरवायचं यंत्र धुवायची पद्धत. एकदा धुतलं की सोमवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. साडेतीनला खिडकीत आलेल्या नळ्या तशाच फ्रीजमध्ये. पुढे आठवड्याभराच्या नळ्यांची गर्दी, म्हणून त्या मागे, आणि फ्रीजची मागची बाजू बिघडलेली. तिथे जे चिकटेल त्याचा बर्फ. सोमवारी सकाळी त्या नळ्या वितळल्या की फिरवायच्या. त्या लालभडक निघायच्या आणि मी त्या तशाच यंत्राला द्यायची.

अहवालात एक रकाना असतो: नमुन्याची स्थिती. तिथे मी लिहायला हवं होतं, 'गोठलेला, लाल, नवीन नमुना पाठवावा.' एवढंच. पण नवीन नमुना मागवायचा म्हणजे मेंढपाळ खिडकीशी येऊन भांडणार, साहेब विचारणार उशीर का. मी काय केलं असेल? मी त्या रकान्यासाठी 'ठीक' असा रबरी शिक्काच बनवून घेतला! सकाळी आल्या आल्या चहाच्या आधी पन्नास कोऱ्या अहवालांवर ठक ठक 'ठीक' मारून ठेवायची. नळी अजून पाहिलेलीही नसायची. माझ्या या युक्तीचं सगळ्या लॅबला केवढं कौतुक होतं!

आणि हेलपाट्या? तो दवाखान्यातून नळ्या आणायचा, स्कूटरवरून. दिवसाला चार हेलपाटे, म्हणून ते नाव. रक्त काढायलाही तिथेच शिकला. एका शुक्रवारी उशिरा आला तेव्हा मी त्याला झापलं होतं.

"अरे, यंत्र धुतल्यावर नळ्या आणत जाऊ नकोस! मागे चिकटून गोठतात आणि चांगल्या मेंढीचा अहवाल मरणपंथाचा येतो."

"मग बाई, तसं कागदावर लिहीत नाही तुम्ही?"

"कोण लिहीत बसतंय!" मी म्हणाले, आणि दोघंही हसलो.

बाबाचा सगळा मंत्र एवढाच होता. तो त्याला मीच दिला होता.

पटांगणातून परत येताना ताईच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता.

"आता त्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईला सांग, जंताचं औषध नको म्हणून. पाणी चालू असताना दुसरं काही पोटात गेलं तर पाणी फुकट जातं."

"ताई, दोन मेंढ्या गेल्या ना गं तुझ्या?"

"त्यांना पाणी उशिरा मिळालं." मग ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. "का गं? तुझा कागद खोटा असतो का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. हो म्हणायला एक अक्षर पुरतं. पण ज्या बहिणीनं दाजी गेल्यावर दोन मेंढ्यांपासून चाळीस केल्या, त्यांच्या लोकरीवर मला शिकवलं, माझ्या नोकरीचं पहिलं ओळखपत्र अजून कपाटात जपून ठेवलंय, तिच्यासमोर माझी जीभ रेटेना. नोकरीची भीती होतीच. त्याहून जास्त तिच्या नजरेची.

"खोटा कशाला असेल," मी म्हणाले.

पुढच्या तीन आठवड्यांत ताईच्या आणखी पाच मेंढ्या गेल्या. मी रोज लॅबमध्ये जात होते आणि रोज शिक्का मारत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. खिडकीत लाल धाग्याची नळी दिसली की जेवण जायचं नाही. पण शिक्का काही थांबला नाही, हेही लिहून ठेवते.

एका गुरुवारी डॉक्टरीणबाई मला बळेच ताईच्या शेडवर घेऊन गेल्या. वयानं माझ्या अर्ध्या, पण बोलणं रोखठोक. आत गेल्या आणि ढवळीपाशी बसल्या. ढवळी ही ताईची सगळ्यात लाडकी मेंढी, त्या वेळी गाभण होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली.

"बघा. इथे लाल दिसायला हवं."

आतली कातडी कागदासारखी पांढरी होती. जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबत होती.

"जंत रक्त पितायत हिचं. औषध आत्ताच्या आत्ता पाजायला हवं. आठवडा काढेल, फार तर."

"हात लावू नका!" ताई आडवी आली. "रक्त नॉर्मल आहे तिचं. हा घ्या कागद. माझ्याच बहिणीची सही आहे."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद घेतले आणि तारखा पाहिल्या. मग मला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेल्या.

"पहिला नमुना शुक्रवारचा. ठेवला कुठे होता?"

मी टाकीचा नळ उगाच घट्ट केला.

"बाई, रक्त मेंढीचं वाईट होतं की तुमच्या फ्रीजमध्ये वाईट झालं?"

मला रडू फुटलं. सगळं सांगितलं, यंत्र, फ्रीज, शिक्का, हेलपाट्या, सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त नाक पुसायला रुमाल दिला.

"शुक्रवारचा खोटा कागद चांगल्या मेंढीला आजारी करतो. मंगळवारच्या खऱ्या कागदावर ती बरी दिसते; जंत त्या तपासणीत कळतच नाहीत. मग पाण्याच्या भरवशावर औषध बंद, आणि त्यात जंत वाढतात. उद्या हे मी पटांगणात सांगितलं तर लोक म्हणतील, डॉक्टरीणबाईचं पोट दुखतंय. सही तुमची आहे. सांगायला तुम्हालाच लागेल."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दवाखान्यात एक पाळीव मेंढा आहे, खाऊन खाऊन पिंपासारखा झालेला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गळ्यात एकदाच सुई घातली आणि दोन नळ्या भरल्या. पहिली मी तासाभरात फिरवून तपासली. दुसरी न फिरवता फ्रीजच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवली. सोमवारी ती वितळवून तपासली. पहिलीतलं पाणी गवताच्या रंगाचं, दुसरीतलं लालभडक. दोन नळ्यांचे दोन अहवाल निघाले. एकात मेंढा ठणठणीत, दुसऱ्यात तो अखेरच्या घटका मोजतोय! जिवंत मेंढा मात्र दवाखान्याच्या दारात बसून माझ्या ओढणीचं टोक चावत होता.

मंगळवारी मी पटांगणात गेले. या वेळी तोंड झाकलं नाही. गर्दी कापत ट्रकपाशी पोचले आणि दोन्ही कागद वर धरले.

"बाबा, या दोन मेंढ्या बघून सांगा ना."

बाबानं मला ओळखलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला, पण गर्दी बघत होती आणि गर्दीपुढे त्याला राहवत नसे. त्यानं कागद घेतले.

"ही! हिच्यात माझं पाणी उतरलंय, नाव ठेवायला जागा नाही! आणि ही? अरेरे! हिच्या मालकाच्या घरात पाप आहे पाप! आजच्या आज कोकरू आणा!"

"एकच मेंढा आहे तो," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "एकच मेंढा, एकच सुई! दोन्ही नळ्या एकाच वेळी भरल्यात! डॉक्टरीणबाईंना विचारा. मेंढ्याला पाणीबिणी काही पाजलेलं नाही. एक नळी वेळेत तपासली. दुसरी तीन दिवस पडू दिली, बस्स!"

पटांगणात कुजबुज सुरू झाली. बाबानं ओळखलं, पाय घसरतोय. मग तो माझ्यावर उलटला.

"ही बाई लबाड आहे! हिनं मुद्दाम नळी फ्रीजच्या मागे चिकटवली! तिथे गोठतंच रक्त! आणि विचारा हिला, नळी न बघता सकाळी चहाच्या आधी 'ठीक'चा शिक्का कोण मारतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी मेंढपाळीण काठी टेकत उठली.

"का रे बाबा," ती म्हणाली, "तू तर अडाणी ना? मग तिच्या फ्रीजची मागची बाजू तुला कशी ठाऊक? आणि तिच्या चहाची वेळ?"

आधी एकजण हसला. मग दहा. बाबानं सवयीनं खिशातून एक नळी काढली आणि तिला टिचक्या मारत राहिला.

"तो आमच्याकडे कामाला होता," मी म्हणाले. "नळ्या आणायचा. शुक्रवारी साडेतीननंतरचं रक्त बिघडतं आणि आम्ही ते कागदावर लिहीत नाही, हे त्याला मी सांगितलं. म्हणून त्याला पहिली नळी शुक्रवारची हवी असते आणि दुसरी मंगळवारची. रुसत कुणी नाही आणि हसतही कुणी नाही. लॅबमध्ये सोमवारी सडलेलं रक्त तपासतात आणि मंगळवारी ताजं. पाणी साधं आहे. अकरा दिवस फक्त तुम्हाला हिशेब कळू नये म्हणून आहेत."

"आणि तो 'ठीक'?" मागून कुणीतरी विचारलं. "तो खरंच तू मारतेस?"

"हो. मीच मारते."

"न बघता?"

"न बघता."

आता कुणी हसलं नाही. एक माणूस माझ्या पायाशी थुंकला. त्याच्या अकरा मेंढ्या गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी मान खाली घातली नाही. घालायचा अधिकार नव्हता. एवढंच म्हणाले, "बाबाला शंका विचारायला घाबरला नाहीत तर मलाही विचारा. कागदाला विचारा. रक्त कधी काढलं, कुठे ठेवलं, किती वेळानं तपासलं. उत्तर मिळालं नाही तर कागद फाडून टाका, मग त्याच्यावर देवाची सही असो की माझी. आणि मेंढीची पापणी ओढून बघा. त्याला शिक्का लागत नाही."

लोकांनी ट्रकमधून आपापली कोकरं सोडवून घेतली. त्या गडबडीत बाबा पलीकडच्या बाजूनं उतरून गेला. त्याला कुणी मारलं नाही, हे बरं झालं. मारलं असतं तर मलाही निम्मा वाटा घ्यावा लागला असता.

मी ताईला शोधलं. ती पटांगणात नव्हती; माझं 'हो' ऐकताच ती डॉक्टरीणबाईंना घेऊन निघून गेली, असं कुणीतरी सांगितलं. शेडवर गेले तर दार सताड उघडं होतं आणि ताई ढवळीचं तोंड मांडीवर धरून बसली होती. डॉक्टरीणबाई तिला औषध पाजत होत्या. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

उरलेल्या बत्तीस वाचल्या. ढवळी नाही वाचली. गुरुवारी सकाळी गेली, पोटातल्या पिल्लासकट. आम्ही दोघींनी शेडमागे खड्डा खणला. कुदळ ठेवून मी म्हणाले, "ताई, बोल ना गं काहीतरी. शिव्या दे हवं तर."

तिनं हातानं माती सारखी केली.

"लोकांना वाटतं मी बाबाच्या नादी लागले," ती म्हणाली. "बाबावर माझा विश्वास कधीच नव्हता गं धाकटे. मी तुझी सही बघून पाणी पाजत होते."



साहेबांना मी सगळं लेखी दिलं. मला लेखी समज मिळाली, फ्रीज दुरुस्त झाला, आणि यंत्र आता शुक्रवारी शेवटची नळी फिरल्यावरच धुतात. शिक्का मी स्वतः कात्रीनं कापून टाकला. लोक म्हणतात, बाईंनी बाबाचं भांडं फोडलं. मला ते ऐकवत नाही. लबाड माणसाला चमत्कार करायला फार काही लागत नाही. प्रामाणिक माणसाचा आळस त्याला पुरतो. तुम्ही जिथे काम करता तिथेही असा एखादा 'ठीक' असेल. तो आधी शोधा, बाबा मग शोधू.

ताई आता तिच्या नळ्या स्वतः घेऊन येते. बाहेर खिडकीशी थांबत नाही, आत येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसते. मी नळी फिरवते, उजेडाकडे धरते आणि रकान्यात हातानं लिहिते.

"वाच," ती म्हणते.

"सकाळी नऊला काढलेलं. साडेनऊला फिरवलं. पाणी स्वच्छ, गवताच्या रंगाचं."

मग ती नळी माझ्या हातातून घेते, स्वतः उजेडाकडे धरून बघते, आणि मगच मला सही करू देते.